सिंहगड घाट, चढाचा तक्ता: प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

काम ठरलं. सिंहगडाचा घाट सायकलवाल्याला नक्की किती जड जातो, याचा एक पानी तक्ता करायचा. नव्या माणसानं आपलं वजन बघावं, सायकलचे गिअर बघावेत, रकान्यावर बोट ठेवावं आणि कळावं की आपण बसून जाणार, उभं राहून जाणार की सायकल हातात धरून. चहाच्या टपरीवर दर रविवारी याच विषयावर तावातावानं भांडण होतं. एक म्हणतो चढ सरासरी सात टक्के, म्हणजे शंभर मीटरला सात मीटर वर. दुसऱ्याच्या घड्याळात अठ्ठावीस टक्के उमटलेले असतात. आणि एक काका आहेत, ते "आमच्या वेळी गिअर नव्हते" एवढंच सांगून क्रीमरोल चहात बुडवतात.

ढोबळ आकडे आजच मांडले. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत नऊएक किलोमीटर, आणि चढाई सहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे सरासरी साडेसहा-सात टक्के. उलटतपासणी म्हणून: गडाची उंची समुद्रसपाटीपासून १,३१२ मीटर, खडकवासल्याची पूर्ण पातळी ५८२ मीटरच्या आसपास. पाण्यापासून गडमाथ्यापर्यंत ७३० मीटर. नाका पाण्याच्या वर आहे, पार्किंग माथ्याच्या खाली आहे, तेव्हा मधले सहाशे पटण्यासारखे आहेत.

तक्त्यापुरतं नऊ किलोमीटर आणि सहाशे मीटर धरून चालतो. दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर भांडायला टपरी आहेच.

८ ऑक्टोबर

ऑफिसात डोंगरी रस्त्यांबद्दलची इंडियन रोड्स काँग्रेसची (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) पुस्तिका शेल्फवर होतीच. आमच्यासारख्या तीन हजार मीटरच्या खालच्या, तीव्र उताराच्या मुलखासाठी तिच्यात नेहमीचा चढ ६ टक्के, मर्यादा ७ टक्के, आणि अगदीच नाइलाज असेल तिथे, तोही थोड्या अंतरापुरता, ८ टक्के. हेअरपिन वळणावर, म्हणजे रस्ता जिथे उलटा फिरतो तिथे, तर अडीच टक्क्यांच्या वर जाऊ नये आणि आतली त्रिज्या चौदा मीटरपेक्षा कमी नसावी.

आता हे सिंहगडाला लावून बघा. जी ‘मर्यादा’ ती इथे जवळपास सरासरी. मध्ये कुठे रस्ता जरा सपाट मिळाला की त्याची उधारी दुसरीकडे दहा-बारा टक्क्यांनी फेडावी लागणार, हे रस्त्यावर न जाताच दिसतं. तरी पुस्तिकेतले आकडे मोटारी आणि ट्रक डोळ्यांपुढे ठेवून काढलेत. रेल्वेचं तर याहून नाजूक. बोरघाटात ३७ ला १, म्हणजे पावणेतीन टक्के चढ, आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावतात.

११ ऑक्टोबर

अठ्ठावीस टक्क्यांचा उगम सापडला. बऱ्याच अ‍ॅपमधली उंची अंतराळातून मोजलेल्या नकाशातून घेतलेली असते, आणि त्यातल्या एका लोकप्रिय नकाशाची मोजणी अंतराळयानातून फेब्रुवारी २००० मध्ये झाली. त्याची जाळी तीस मीटरची, म्हणजे दर तीस मीटरला उंचीचा एकच आकडा. घाटरस्ता डोंगराच्या कुशीतून कापलेला असतो, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. कुशीचा उतार तीस अंशांचा असेल आणि जीपीएसनं तुम्हाला दहा मीटर बाजूला सरकवलं, तर उंचीत पावणेसहा मीटरचा फरक पडतो. तुम्ही पुढे गेलेले असता वीस-पंचवीस मीटर. झाले पंचवीस टक्के! रस्ता तसूभरही चढलेला नसतो.

खोऱ्यातून जाणाऱ्या रस्त्यावर हा घोळ होत नाही, कारण तिथे दहा मीटर बाजूला पण जमीन साधारण त्याच पातळीवर असते. घाटातच होतो. म्हणजे जिथे आकडा हवा असतो नेमका तिथेच.

१५ ऑक्टोबर

वायुदाबावर उंची काढणारं यंत्र बरं. त्याला बाजूला सरकण्याशी देणंघेणं नाही. आपल्या उंचीवर दाब एक हेक्टोपास्कल उतरला की साधारण नऊ मीटर चढलो असं ते धरतं.

पण दाब दिवसभर एका जागी थांबत नाही. उष्ण कटिबंधात तो रोज हलतो, वादळ-पाऊस नसला तरी. सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यात जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, आणि दोन्हींत तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक. म्हणजे यंत्र टेबलावर ठेवून दिलं तरी दहा ते चार या वेळात ते तीसेक मीटर ‘चढतं’. आपण पहाटे निघून आठ-नऊला वर पोचतो, तेव्हा दाब वाढतच असतो, म्हणून यंत्र चढाई थोडी कमी दाखवतं. तेच दुपारी गेलं तर जास्त. पहाटे जाणारा आणि दुपारी जाणारा आपापला आकडा घेऊन टपरीवर आले की भांडण आयतंच.

उपाय सोपा: एक यंत्र खाली नाक्याजवळ गाडीत ठेवायचं, एक बरोबर न्यायचं, आणि खालच्याची हालचाल वरच्यातून वजा करायची. दिवाळीनंतर.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज पट्टी घेऊन रस्त्यावर. आमच्या साइटवरच्या मिस्त्रींकडून लेव्हल आणली. "रस्ता मापून काय करणार साहेब, तो काय हलणारे का?" असं म्हणाले, पण दिली. पद्धत गवंडीकामातलीच आहे: एक मीटरची सरळ लाकडी पट्टी, तिच्यावर लेव्हल चिकटपट्टीनं बांधलेली. पट्टीचं एक टोक चढाच्या बाजूला रस्त्यावर टेकवायचं, दुसरं उचलत बुडबुडा मधोमध आणायचा, आणि उचललेल्या टोकाखाली टेपनं अंतर मोजायचं. जितके सेंटिमीटर तितके टक्के. भागाकारसुद्धा नको.

मोजताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. डांबरात खड्डा किंवा ठिगळ असेल तर एक मीटरच्या पट्टीला तेवढंच दिसतं, म्हणून एका जागी पाच-सहा मापं घेऊन मधलं धरायचं. आणि पट्टी रस्त्याच्या दिशेतच धरायची. वळणावर रस्ता आडवाही कललेला असतो. पट्टी जराशी फिरली की चढाचं माप सोडून आडव्या कलाचं माप येतं.

वडापच्या एका जीपवाल्यानं गाडी हळू करून विचारलं, "रुंदीकरण का?" ताकाच्या माठांजवळ बसलेल्या मावशींना वेगळीच काळजी. "आमची टपरी मधी येती का बघा," म्हणाल्या. सायकलसाठी मापतोय म्हटल्यावर त्यांनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ताकाचा ग्लास पुढे केला.

आता मुद्द्याची गोष्ट. हेअरपिनवर आतल्या कडेला, मधल्या रेषेवर आणि बाहेरच्या कडेला तीन वेगळे घाट आहेत. आतून जाणारा चढ बाहेरच्याच्या दुपटीच्या घरात जातो. हे भूमितीनंच व्हायला पाहिजे. समजा वळणाची आतली त्रिज्या पाच मीटर आणि बाहेरची अकरा. अर्धवर्तुळाची लांबी आतून पावणेसोळा मीटर, बाहेरून साडेचौतीस. वळण संपेपर्यंत दोन्हीकडून दोन मीटरच चढायचे असतील, तर आतून पावणेतेरा टक्के आणि बाहेरून पावणेसहा. त्याच वळणाला कोणी ‘तेरा’ म्हणेल, कोणी ‘सहा’, आणि दोघंही खरं बोलत असतील.

अंतर वाचवायला नवशिका आतूनच घेतो. वाचतात एकोणीस मीटर आणि जातो दम.

६ नोव्हेंबर

आतली कड की मधली रेषा, हा वाद जागतिक पातळीवरही झालाय. न्यूझीलंडमधल्या डनिडिन शहरातली बाल्डविन स्ट्रीट जगातली सगळ्यात चढाची गल्ली म्हणून वर्षानुवर्षं मिरवत होती. साडेतीनशे मीटरची गल्ली, वरचा भाग डांबराऐवजी काँक्रीटचा, कारण तेवढ्या उतारावर उन्हात डांबर टिकायचं नाही. २०१९ मध्ये गिनेसनं तो मान वेल्समधल्या हार्लेकच्या एका गल्लीला दिला: ३७.४५ टक्के. डनिडिनकरांनी मोजणीवरच हरकत घेतली. वळणदार रस्त्याच्या आतल्या कडेनं कशाला मोजता, मधल्या रेषेनं मोजा. तसं मोजल्यावर हार्लेक २८.६ टक्क्यांवर उतरलं, आणि २०२० मध्ये ३४.८ टक्क्यांसह बाल्डविनला मान परत मिळाला.

तक्त्यात सगळीकडे मधली रेषा धरणार. खाली बारीक टीप: ‘हेअरपिन बाहेरून घ्या, पण आधी मागे बघा.’ बाहेरून घेणं म्हणजे डावीकडे वळणाऱ्या वळणावर रस्त्याच्या मध्याकडे जाणं, आणि वडापच्या जीपा कोणाची वाट बघत नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

वॅटचं गणित. स्वार ७० किलो, सायकल आणि पाणी मिळून १० किलो. सहाशे मीटर वर उचलायचं म्हणजे ४७१ किलोज्यूल, ते कोणालाच चुकत नाही. त्यात टायरचं घर्षण, थोडी हवा, चेनमध्ये जाणारे तीन-एक टक्के मिळवले की:

दीड तासात पोचायचं तर साधारण १०० वॅट.
एका तासात तर १५० वॅट.
पाऊण तासात तर २०० च्या जरा वर.

पहिली ओळ पुन्हा वाचावी अशी आहे. शंभर वॅट. ऑफिसात बसणारा, आठवड्यातून दोन-तीनदा सायकल काढणारा चाळिशीतला माणूस शंभर वॅट दीड तास देऊ शकतो, फार कुरकुर न करता. मग एवढी माणसं घाटात उतरून सायकल का ढकलतात? छाती पुरते, मांड्या पुरतात, तरी माणूस खाली. या प्रश्नाचं उत्तर तक्त्यात आलं नाही तर तक्ता करून उपयोग नाही.

(हे सगळे वॅट स्नायूंनी पेडलला दिलेले. शरीराला त्यासाठी चौपट-साडेचौपट जाळावं लागतं. एका चढाईला साडेपाचशे-सहाशे किलोकॅलरी. वर पिठलं-भाकरी आणि कांदाभजी खाल्ली की हिशेब चुकता, वर थोडं व्याजही.)

१५ नोव्हेंबर, शनिवार

उत्तर कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांमध्ये आहे.

आपल्याकडे विकत घेतलेल्या बहुतेक जुन्या रोड बाइकला पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या आणि मागे ११ ते २८ दातांच्या असतात. सगळ्यात हलका गिअर ३४ ला २८. चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढे जाते. दीड तासवाला सरासरी सहा किलोमीटर वेगानं चढतोय, म्हणजे मिनिटाला शंभर मीटर, म्हणजे मिनिटाला ३९ फेरे. सपाटीवर हाच माणूस ८० नं फिरवतो. एकोणचाळीस म्हणजे प्रत्येक फेरा जिना चढल्यासारखा.

ही झाली सरासरी. आता १२ टक्क्यांचा तुकडा घ्या. शंभर वॅटवर वेग ३.६ किलोमीटर आणि फेरे २३. इतक्या कमी वेगात हँडल डुलायला लागतं, पुढचं चाक डावीकडे-उजवीकडे जातं आणि माणूस पाय टेकतो. तोल राहायला ताशी पाचच्या आसपास वेग लागतो आणि त्यासाठी त्या तुकड्यापुरते १४० वॅट. तेवढे एक-दोन मिनिटं कोणीही देईल. पण ३४-२८ वर ते ३३ फेऱ्यांत द्यावे लागतात. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) हिशेब केला तर पेडलवर सरासरी चोवीस किलोचा दाब, आणि तो सरासरी आहे. पेडल आडवं असताना त्याच्या दीडपटीहून जास्त, उभं असताना जवळपास काही नाही.

तेच जुन्या हायब्रिडवर बघा: पुढे तीन चकत्या, सगळ्यात लहान २४ दातांची, मागे ३४. एका फेऱ्यात दीड मीटरही नाही. तोच वेग, वॅट जरा जास्त, पण फेरे ५६ आणि दाब पंधराएक किलो. सायकल चार किलोनं जड धरूनसुद्धा.

म्हणजे घाटाची टक्केवारी ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी तुमच्या मागच्या चाकाला लटकलेली आहे. टपरीवर सगळी चर्चा पहिल्या अर्ध्याची होते, कारण दुसरीला पैसे पडतात.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रत्यक्ष परीक्षा. मामेभाऊ तयार झाला, कारण त्याला मागच्या हिवाळ्यापासून घाटानं छळलंय. त्याची रोड बाइक, ३४-२८. ठरलं होतं तसं सुरुवातीला जोर करायचा नाही, पण नाका ओलांडल्यावर पहिल्या चढावर कोणी पुढे गेलं की त्याचा पाय आपोआप जड होतो. मी मागून "दादा, हळू" म्हणत होतो, त्याचा काही उपयोग नाही.

खालचा तिसरा हिस्सा बरा गेला. मग एका उजव्या वळणानंतरच्या चढावर फेरे मोजले तर तिशीच्या आत. तो उभा राहिला, हँडल ओढत आठ-दहा फेरे मारले, बसला, आणि बसताना सायकल जवळजवळ थांबली. पाय टेकला. हृदयाचे ठोके बघितले, १५२. जीव मेटाकुटीला आलेल्या माणसाचे ठोके इतके कमी नसतात. धाप नव्हती, बोलत होता, शिव्या व्यवस्थित देत होता. मांड्यांनी नाही म्हटलं होतं, इतकंच.

चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा सुरू होणं हे वेगळंच प्रकरण. बुटाखालची क्लीट पेडलमध्ये अडकवायला एक फेरा लागतो, त्या एका फेऱ्यात सायकल मागे येते. रस्ता आडवा धरून, म्हणजे चढाला काटकोनात उभं राहून निघायचं आणि मग हँडल वर वळवायचं. मागून गाडी नसेल तरच.

३० नोव्हेंबर, रविवार

तोच भाऊ, तोच घाट, पण मेहुण्याची हायब्रिड. चौदा किलोची, कॅरियरसकट, स्टँडसकट. वर पोचला. पाय न टेकता. वेळ मागच्या वेळच्या थांबे धरलेल्या वेळेइतकाच, जरा जास्तच म्हणा. आनंदात नव्हता. "एवढी महागडी सायकल घेतली आणि चढलो कशावर, तर भाजीच्या सायकलवर."

सायकलच्या दुकानदार काकांकडे गेलो तर त्यांनी पुढची अडचण सांगितली. ११-२८ काढून ११-३४ कॅसेट टाकायची तर जुना आखूड पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ती झेपवत नाही. लांब पिंजऱ्याचा, म्हणजे लाँग केज लागतो, चेन लांब लागते, काही जण डिरेलर टांगतात त्या हँगरला जोडपट्टी लावून भागवतात पण शिफ्टिंग मऊ होत नाही. पुढची चकती बदलायची तर क्रँकच बदलावा लागतो बऱ्याचदा. मी तक्त्यात ‘काय बदलाल’ असा रकाना टाकला आणि त्यात काकांचे शब्द जसेच्या तसे घेतले. ते म्हणाले, "आधी माणसाला विचारा घाट वर्षातून किती वेळा करणार. दोनदा करणार असेल तर ढकल म्हणावं."

५ डिसेंबर

नागमोडी चढण्याबद्दल विचारणा झाली. चढाच्या दिशेशी ४५ अंशात गेलं तर १२ टक्क्यांचे साडेआठ होतात, अंतर चाळीस टक्क्यांनी वाढतं. गणित बरोबर आहे. रविवारच्या सिंहगडावर मात्र अख्खा रस्ता तुमच्या मालकीचा नसतो. तक्त्यात घेतलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

बाहेरच्या घाटांशी तुलना घालावी की नाही यावर ग्रुपमध्ये दोन तट. मी घातली, कारण ‘जगातला सगळ्यात अवघड’ असं सिंहगडाबद्दल ऐकून कान किटले.

फ्रान्समधला आल्प द्युएझ: १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के, २१ हेअरपिन. १९५२ मध्ये टूर द फ्रान्स पहिल्यांदा तिथे गेली आणि फाउस्तो कोप्पी जिंकला. मार्को पंतानी १९९० च्या दशकात हा घाट चाळीस मिनिटांच्या आत चढला. (त्या काळातल्या आकड्यांवर औषधांची सावली आहे, हे टपरीवरच्या काकांनाही माहीत आहे.) तासाला चढलेल्या मीटरच्या हिशेबात ते सतराशेच्या पुढे जातं. आपला एका तासात सिंहगड करणारा, ज्याच्याकडे आम्ही आदरानं बघतो, तो सहाशेवर. पण आल्पच्या हेअरपिन बऱ्याच सपाट आहेत, तिथे पायाला क्षणभर सुटका मिळते. आपल्याकडे उलट, वळणातच कंबर मोडते. त्यामुळे टक्केवारीच्या मानानं सिंहगड जरा जास्त खातो, असं माझं मत.

स्पेनचा अँग्लिरू मात्र वेगळ्या जातीचा. साडेबारा किलोमीटर, सरासरी दहा टक्के, वर जाताना एका तुकड्यात तेवीस टक्क्यांच्या पुढे. पहिला निम्मा भाग सौम्य, त्यामुळे सरासरी निरुपद्रवी दिसते. १९९९ मध्ये व्हुएल्ता या स्पेनच्या शर्यतीत पहिल्यांदा आला. २००२ मध्ये पावसात संघांच्या गाड्या त्या चढावर अडकल्या, आणि ब्रिटिश सायकलपटू डेव्हिड मिलर अंतिम रेषेच्या अगदी अलीकडे थांबून, पाठीवरचा क्रमांक काढून, निषेध म्हणून शर्यतीतून बाहेर पडला. तिथे १०० वॅटवाल्याला २४-३४ सुद्धा पुरत नाही. तेवीस टक्क्यांवर तोल राखायला ताशी पाचच्या वेगानंसुद्धा अडीचशे वॅट लागतात.

इटलीत कोमो सरोवराजवळ मुरो दी सोर्मानो आहे, दोन किलोमीटरही नाही, पण सरासरी पंधरा टक्क्यांच्या वर. २००६ मध्ये त्याची डागडुजी करताना रस्त्यावरच उंचीचे आकडे रंगवले, दर मीटरच्या चढाईला एक. ही कल्पना मला फार आवडली. आपल्याकडे रंगवायची परवानगी कोणाकडे मागायची यावरच एक वेगळा प्रकल्प होईल.

२१ डिसेंबर, रविवार

उन्हाचा रकाना. थंडीत याची आठवण होत नाही, पण तक्ता मार्चमध्ये वापरला जाणार. १५० वॅट देणारं शरीर पाचशेच्या वर वॅट नुसती उष्णता बनवतं. सपाटीवर पंचवीसच्या वेगात वारा ती नेतो. घाटात वेग नऊ, आणि वारा मागून तेवढाच असला तर अंगाला शून्य वारा. घामच काय ते करणार, आणि एवढ्या उष्णतेसाठी तासाला पाऊण लिटर घाम वाळावा लागतो, टपकणारा धरायचा नाही. म्हणून: मार्च ते मे, साडेसहाच्या आत नाक्यावर, दोन बाटल्या. पावसाळ्याबद्दल एकच ओळ: दरडी पडतात, घाट बंद असू शकतो, आधी चौकशी करा.

उताराबद्दल डॉक्टर मैत्रिणीनं आग्रह धरला, बरोबरच होता. वर चढताना साठवलेले ते ४७१ किलोज्यूल खाली येताना बरेचसे ब्रेकमध्ये जातात. ब्रेक सतत धरून ठेवला तर रिम तापते, म्हणून वळणाआधी दाबायचा आणि सोडायचा, पुढचा-मागचा दोन्ही. भज्याच्या प्लेटवर डोळा ठेवून माकडं कठड्यावरून रस्त्यात उतरतात, तेही लिहिलं.

४ जानेवारी २०२६, रविवार

तक्ता छापला. ए-फोर, दोन्ही बाजूंनी, लॅमिनेट करून एक प्रत दुकानात आणि एक टपरीवर. डावीकडे एकूण वजन ६५ ते १०५ किलो, वरच्या ओळीत सगळ्यात हलका गिअर, चौकोनात १२ टक्क्यांवरचे फेरे आणि पेडलवरचा दाब. पंचेचाळीस फेऱ्यांच्या वर हिरवा, तीस ते पंचेचाळीस पिवळा, त्याखाली लाल. सरासरी टक्केवारी मुद्दाम छापली नाही. विचारतील त्यांना तोंडी सांगू.

मामेभावानं लाँग केज बसवून घेतला. पिवळ्यात आला, हिरव्यात नाही, पण त्याला चालतंय.

टपरीवरच्या काकांनी चष्मा वर करून तक्ता पूर्ण वाचला आणि विचारलं, "बिनगिअरच्या सायकलची ओळ कुठाय?" खरंच नव्हती. घरी येऊन हिशेब केला: काळी सायकल, पुढे ४४ मागे १८, एका फेऱ्यात पाच मीटरच्या वर. माणसासकट ९५ किलो, १० टक्क्यांवर नुसते चाळीस फेरे द्यायचे तरी सव्वातीनशे वॅटच्या पुढे. चौकोन लाल केला आणि त्यात ढकलत जायची वेळ लिहिली, ताशी चारच्या चालीनं: सव्वादोन तास, बूट घालून या.

काका म्हणाले, त्यांना पावणेदोन लागायचे.

दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतो. वाई ते पाचगणी, पसरणी घाटाचं काम फेब्रुवारीत सुरू. मिस्त्रींना लेव्हल परत दिली नाही, तेवढं त्यांना सांगायचंय.